हसायचं नाही हं

वस्तऱ्याच्या सलूनमध्ये पाटी लागली, तेव्हा गिऱ्हाइकांना आधी वाटलं की हाही त्याचा एक विनोदच. आरशाच्या बरोबर वर, जाड पुठ्ठ्यावर काळ्या रंगात लिहिलं होतं : ‘येथे विनोद करण्यास सक्त मनाई आहे.’ लोक वाचत, हसत, आणि वस्तरा स्वतः हसत नाही असं बघितल्यावर खुर्चीत सावरून बसत.

वस्तरा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. हातातल्या हत्यारापेक्षा जिभेला धार जास्त, म्हणून गल्लीने ते बहाल केलं होतं. दाढी करताना त्याने आयुष्यात कुणाला ओरखडा काढला नव्हता, पण बोलण्याने रोज दोघाचौघांना सोलून काढायचा, आणि ते सोललेले लोक वर पैसे देऊन खुशीत घरी जायचे. अशा माणसाच्या दुकानात विनोदाला बंदी म्हणजे पाणपोईवर पाणी पिण्यास मनाई.

कारण भिंतीपलीकडे होतं. भिंत तरी कसली, फळ्यांचा आडोसा. एका लांबट खोलीचे दोन भाग केले होते. डावीकडे सलून, उजवीकडे त्याच्या बायकोची कार्यशाळा. ती अकॉर्डियन दुरुस्त करायची. फाटलेले भाते, अडकलेल्या पट्ट्या, सूर काढणाऱ्या गंजलेल्या पात्या, म्हणजे रीड, सगळं तिच्या टेबलावर येऊन पडायचं आणि गात परत जायचं. तिला गल्लीत भोंगा म्हणत, कारण तिचं हसणं. ते पोटातून निघायचं, वर येताना दोनदा अडखळायचं, आणि एकदा सुटलं की कोपऱ्यावरच्या दुकानात माणसं घड्याळ बघायची, गिरणी सुटली की काय म्हणून.

वस्तऱ्याने लग्न त्या हसण्याशीच केलं होतं. विजेचं बिल भरायच्या रांगेत तो मित्राला काहीतरी सांगत होता, आणि मागून तो भोंगा वाजला. त्याने वळून पाहिलं, आपली जागा सोडली आणि रांगेत तिच्या मागे जाऊन उभा राहिला. तेव्हापासून त्याच्या विनोदांची परीक्षा एकच. सलूनमध्ये गोष्ट सांगून झाली की कातरी हवेत धरून थांबायचं. फळ्यांपलीकडून हसू आलं तर विनोद पास. नाही आलं तर गिऱ्हाईक कितीही लोळो, तो विनोद पुन्हा त्या दुकानात व्हायचा नाही.

मग तो विषाणू आला. एकाच घरात, एकाच आठवड्यात, दोघांनाही. त्याला सर्दी झाली आणि तिला इस्पितळ. ज्या विषाणूला त्याच्या शरीराने शिंकून बाहेर काढलं, त्याच्याशी तिच्या शरीराने महायुद्ध पुकारलं. नाकातोंडावर दाबाच्या हवेचा मुखवटा लावून ती पालथी झोपलेली असायची, आणि काचेपलीकडे हा बाकावर. त्या बाकावर त्याने एकही विनोद केला नाही, सुचलाच नाही. ती घरी आली तेव्हा विषाणू कधीच गेला होता, सगळ्या तपासण्या तसं म्हणत होत्या. पण पलंगापासून दारापर्यंत गेलं की ती चौकटीला धरून उभी राहायची.

“विषाणू गेला, तर हे काय राहिलंय?” त्याने भाचीला विचारलं. भाची त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी. विज्ञान शिकलेली, एका प्रयोगशाळेत फुप्फुसांच्या पातळ चकत्या रंगवून भिंगाखाली बघायचं काम करायची. तिला असं काही विचारलं की ती आधी लिहायला काहीतरी शोधायची. त्या दिवशी सलूनला सुट्टी होती, आणि मामी तिथेच खुर्चीत टेकून बसली होती, कारण ती खुर्ची हवी तेवढीच मागे कलायची आणि तिला श्वास बरा लागायचा. भाचीने दाढीच्या साबणाचा फेस बोटावर घेतला आणि थेट आरशावर गोल काढले, द्राक्षाच्या घडासारखे.

हे वायुकोश, ती म्हणाली. यांची भिंत इतकी पातळ असते की हवा आणि रक्त जवळजवळ एकमेकांना लागून असतात. विषाणूने ही भिंत फोडली. मग शरीराने आपले पहारेकरी पाठवले, टी पेशी आणि गिळंकृत करणाऱ्या मोठ्या पेशी, आणि त्यांनी काम चोख केलं. गंमत पुढे आहे. विषाणू मेला, तरी हे पहारेकरी काहींच्या फुप्फुसातून निघतच नाहीत. एकमेकांना ‘सावध, सावध’ म्हणून ओरडत बसतात. त्या आरड्याओरड्यात नवी भिंत बांधणाऱ्या पेशी अर्ध्यावर अडकतात, आणि ठिगळं लावणाऱ्यांना वाटतं अजून फाटलेलंच आहे, म्हणून ते वणावर वण चढवतात. तिने फेसाचे आणखी थर दिले, एवढे की द्राक्षं दिसेनाशी झाली.

“म्हणजे बँडचा भाता,” मामी खुर्चीतून म्हणाली.

बँडचा भाता दोघांनाही माहीत होता. आजारपणाच्या आधी गावातल्या बँडने एक जुना मोठा अकॉर्डियन तिच्याकडे आणून टाकला होता. आधीच्या कारागिराने भात्याच्या प्रत्येक घडीवर पट्टी, पट्टीवर सरस, सरसावर पुन्हा पट्टी, असा गिलावा केलेला. हवा कुठून म्हणून गळत नव्हती, पण भाता उघडतही नव्हता. हे कुणीतरी घाबरून चिकटवलंय, असं ती तेव्हा म्हणाली होती.

“तसंच,” भाची म्हणाली. तिला ही उपमा इतकी आवडली की तिने ती लगेच प्रयोगशाळेसाठी मागून घेतली. मग खरं ते सांगितलं. पहाऱ्याला वेळेवर घरी कसं पाठवायचं यावर उंदरांमध्ये काम चाललंय, माणसांसाठी तयार औषध अजून कुणाच्या हातात नाही. पण बऱ्याच जणांची फुप्फुसं सवडीने, काही अंशी, आपलीआपण सैल होतात. काही वण मात्र राहतात. श्वासाचे व्यायाम सोडू नकोस, मामी.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो फुंकायच्या चाचणीत.

इस्पितळात एक काचेची केबिन होती. मामीच्या नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर यंत्राच्या पडद्याकडे डोळे लावून बसलेली तंत्रज्ञ बाई. बाई कवायत घेतल्यासारख्या ओरडायच्या, फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका. वस्तरा कोपऱ्यात स्टुलावर होता. बायकोला बळ मिळावं म्हणून म्हणा, किंवा भीतीने म्हणा, प्रत्येक ‘फुंका’ला तोही फुंकत होता, गाल फुगवून, डोळे बाहेर काढून, मान ताणून. आपण काय करतोय याचा त्याला पत्ता नव्हता. नळीतून एक विचित्र फुर्रर आवाज आला आणि पडद्यावरची रेघ ठेचकाळली.

“हसायचं नाही हं,” बाई पडद्यावरची नजर न काढता, कडक आवाजात म्हणाल्या. “अजिबात नाही. नाहीतर सगळं वाया जाईल.”

बाईंना म्हणायचं होतं, फुंकलेलं वाया जाईल. वस्तऱ्याने ऐकलं ते असं : इस्पितळ, मुखवटा, बाकावरचे दिवस, सगळं वाया जाईल.

तरी त्याने मनाला समजावलं असतं. पण त्याच संध्याकाळी सवयीने त्याच्या तोंडून गेलं, की टकलू मास्तर आज पुन्हा आले होते. मी म्हटलं, मास्तर, कशाला येता, तर म्हणतात, केस नाहीत तर नाहीत, आठवणी विंचरून घ्याव्या म्हटलं. ती हसली. हसता हसता खोकला सुरू झाला, तो थांबेना, ओठ निळसर पडले, आणि ती पलंगाची कड धरून वाकून बसली. त्याने पाठीवर हात ठेवला. तिच्या फासळ्या त्याच्या तळव्याखाली अडकलेल्या खिडकीसारख्या हलत होत्या. त्याच क्षणी त्याने ठरवलं. या घरात आता विनोद होणार नाही.

ठरवणं सोपं होतं. टीव्हीचा रिमोट हरवला, म्हणजे त्याने तो टॉवेलांच्या कपाटात टाकला. थोरल्या बहिणीला सगळ्यांच्या नकला करायची खोड, तिला ‘सध्या आराम हवाय’ म्हणून दारातूनच परत लावलं. ती रुसून बसली ती बसलीच. बायकोला सलूनमध्ये बसायला बंदी केली, हवेत केसांचे बारीक तुकडे उडतात, छातीला बरे नाहीत, असं सांगून. आणि फळ्यांतून ऐकू जाऊ नये म्हणून ती पाटी. यातलं अक्षरही त्याने भाचीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती, पण पोरगी काळजीने अर्धी होईल म्हणून तो गप्प राहिला.

जेवताना बोलायला काहीतरी हवं, म्हणून तो हवामान सांगू लागला.

“आज हवा कोरडी होती.”

“मग?” ती विचारायची.

“उद्याही तशीच आहे म्हणतात.”

ती त्याच्याकडे बघत राहायची. तो ताटात बघायचा. दिवसभरात दुकानात सुचलेलं सगळं त्याच्या पोटात साठत चाललं होतं, आणि ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत, पण पूर्वी माणसं दाढी झाल्यावरही तासभर बसायची, ती आता केस झटकले की चपला शोधायची.

इकडे ती सुधारत होती. दारापर्यंत न थांबता जाऊ लागली, मग टेबलापाशी बसून छोटी कामं करू लागली. पण वस्तऱ्याच्या लक्षात काहीतरी वेगळंच येत होतं. टेबल रिकामं होत चाललं होतं. तिच्या पटाशा तेल लावून कापडात बांधल्या गेल्या. रीडचे डबे भाचीला दिले, ‘तुला आवडतात ना’ म्हणून. बँडवाल्यांना निरोप गेला की अकॉर्डियन घेऊन जा, माझ्याच्याने होणार नाही. शेवटी एका सकाळी त्याने भाते घडवायचा लाकडी साचा वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाहिला. हा साचा तिच्या गुरूंनी तिला दिलेला. त्याला कुणी हात लावला तर ती चार दिवस बोलायची नाही. त्याने विचारलं, हे कुठे. ती म्हणाली, नदीपलीकडे एक नवा कारागीर आहे म्हणे, त्याच्याकडे नांदेल.

“आणि तू?”

“माझं काय आता,” ती म्हणाली, आणि सुतळीला गाठ मारली.

त्याला विचारायचं होतं. पण असं काही विचारताना त्याची सवय आधी एक विनोद करून दार किलकिलं करायची होती, आणि तेच दार त्याने स्वतः बंद करून घेतलं होतं. तो हवा कोरडी आहे असं काहीसं बोलून दुकानात गेला.

दुपारी खुर्चीत पोस्टमन होता. वस्तरा मानेवर मशीन चालवत होता आणि डोक्यात तो साचा होता. तेवढ्यात आरशात दार उघडलं. दारात ती, कडेवर लेकरू घ्यावं तसा तो गुंडाळलेला साचा घेऊन. नदीपलीकडे पोचवा, एवढंच सांगायला आली होती; अंगणातून फिरून, एकटी, चालत. वस्तऱ्याचा हात उडाला. मशीन पोस्टमनच्या मानेवरून निघालं ते थेट टाळूपर्यंत, शेतातून नांगर जावा तसं.

तिची नजर वर गेली. ती पाटी वाचत होती, एकेक शब्द, ओठ हलवत. पोस्टमनने आरशात आपलं डोकं पाहिलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग त्यानेही पाटीकडे पाहिलं.

“वाचून बसलो होतो मी,” तो शांतपणे म्हणाला. “मग हे काय केलंस?”

आधी नुसतं ‘हं’ आलं. मग ते वर येताना दोनदा अडखळलं. आणि मग सुटलं. पूर्वीसारखं अखंड नव्हे, तुकड्यातुकड्यांनी; पण तेच. साचा तिने कसाबसा बाकावर ठेवला. वस्तऱ्याच्या हातातलं मशीन खाली पडून जमिनीवर गुणगुणत गोल फिरायला लागलं, आणि तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून हात जोडून म्हणत होता, हसू नकोस, अगं पाया पडतो, हसू नकोस. आता हे बघून कुणाला हसू आवरेल? तिला खोकला आला. तिने खुर्चीचा हात धरला, शिकवलं होतं तसे ओठ चंबू करून, गरम दुधावर फुंकर घालावी तसा श्वास सावकाश सोडला. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला. मध्येच पोस्टमनचं डोकं दिसलं की पुन्हा एक तुकडा हसायची आणि पुन्हा फुंकर.

वस्तरा धावत जाऊन ऑक्सिजन मोजायचा, बोटाला लावायचा चिमटा घेऊन आला. त्यातला आकडा आधी घसरला. तो आकड्याकडे बघत होता, ती त्याच्याकडे. मग आकडा हळूहळू वर चढला आणि वरच राहिला. तिचे ओठ गुलाबीच होते.

“सगळं वाया गेलं असतं,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“काय वाया गेलं असतं?”

“त्या बाई म्हणाल्या ना. फुंकायच्या केबिनमध्ये. हसायचं नाही, नाहीतर सगळं वाया जाईल.”

ती साच्याशेजारी बाकावर टेकली. मग अगदी सावकाश, श्वास पुरवून पुरवून म्हणाली, “अहो, नळीत हसायचं नाही म्हणाल्या त्या. तुम्ही कोपऱ्यात बेडकासारखे गाल फुगवून बसला होतात. ते बघून मला हसू फुटलं. त्या तुमच्यामुळे मला ओरडल्या.”

पोस्टमनने डोळे मिटून घेतले. त्याच्या पोटावरचा टॉवेल हलत होता.

“आणि मी काय समजत होते,” ती पुढे म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात हसू नव्हतं. “मला वाटलं, डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलंय. टीव्ही नाही, वन्सं नाहीत, विनोद नाही. इस्पितळातून आल्यावर तुम्ही बोलत होतात, आणि एकाएकी हवामान. तुम्ही विनोद सोडलात, म्हणजे मी काही वाचत नाही, असंच धरलं मी.”

“म्हणून साचा?”

“म्हणून. माझ्यामागे तो अडगळीत पडू नये.”

वस्तरा तिच्या पायाशीच बसून राहिला. मग त्याने बाकावरचा साचा उचलला, सुतळीची गाठ सोडायला लागला, ती सुटेना, तेव्हा खिशातला वस्तरा काढून ती कापली. वर्तमानपत्र दूर केलं आणि साचा तिच्या मांडीवर ठेवला.

“माझं काही घाईचं नाही,” पोस्टमन म्हणाला. “पण उरलेलं अर्धं डोकं तेवढं बघ.”

भाचीला कळलं तेव्हा ती फोनवर इतकं हसली की शेवटी मामीलाच तिला सांगावं लागलं, बाई, श्वास घे. मग म्हणाली, “मामा, तूच टी पेशी आहेस. विषाणू कधीच गेला, आणि तू अजून दारावर काठी घेऊन उभा.” हे नाव मात्र भलतंच चिकटलं. पोस्टमनने ते पत्रांबरोबर घरोघर वाटलं. आता गल्लीत निम्मे लोक वस्तऱ्याला टीपेशी म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की तो चहाचा काहीतरी प्रकार असावा. थोरली बहीणही आली, आणि दारातच त्याची अशी नक्कल केली, गाल फुगवून, की तिचा रुसवा तिथेच फिटला.

पुढच्या चाचणीला मामीने केबिनच्या दारातच सांगितलं, यांना बाहेर बसवा. बाईंनी कारण विचारलं, तिने सांगितलं, आणि त्या दिवशी हसू बाईंनाच आवरेना. आकडे आधीपेक्षा बरे होते. पूर्वीसारखे नव्हते, आणि तसे होतील असं कुणी म्हणालंही नाही. फुप्फुसांत खाली दोन्ही बाजूंना वण आहेत, ते राहणार. हसण्याने काही फाटत नाही, डॉक्टर म्हणाले, खोकला आला तर थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि उरलेलं मग हसायचं.

बँडला तिने दुसरा निरोप धाडला. त्या भात्यावरचा गिलावा ती वाफेने भिजवून एकेक थर उतरवत बसली. बऱ्याच घड्या वाचल्या. काही इतक्या गेलेल्या होत्या की नव्या घालाव्या लागल्या. भात्याच्या घड्या जाड पुठ्ठ्याच्या असतात. तिने फळ्यांवर टकटक केली आणि विचारलं, तुमची ती पाटी कुठे आहे, पुठ्ठा चांगला आहे. तिने आपल्याच हातांनी पाटीच्या पट्ट्या कापल्या. बँडवाल्यांना ठाऊक नाही, पण त्यांच्या अकॉर्डियनच्या पोटात एका घडीवर ‘विनो’ आहे, शेजारच्या घडीवर ‘द’ आहे, आणि भाता ओढला की ते दोन्ही तुकडे एकमेकांपासून दूर जातात आणि दाबला की पुन्हा भेटतात. ‘सक्त मनाई’ची पट्टी कापताना वाकडी गेली, ती तिने चहाच्या कपाखाली घेतली.

सलूनमध्ये आता गोष्ट संपली की पूर्वीपेक्षा जास्त थांबावं लागतं. नवखी गिऱ्हाइकं गोंधळतात. वस्तरा कातरी हवेत धरून उभा, बाकीचे कान देऊन, कुणी हलत नाही. काल टकलू मास्तर आले होते. काहीतरी बोलणं झालं. फळ्यांपलीकडे शांतता. मास्तर म्हणाले, नापास. वस्तऱ्याने बोट ओठांवर ठेवलं.

पलीकडून ‘हं’ आलं. मग गरम दुधावरची फुंकर. मग दुसरं ‘हं’. पुन्हा फुंकर.

“थांबा, मास्तर,” तो कुजबुजला. “येतंय.”